जोडकाम, थरशिवण आणि शिवणयंत्र

१

मराठीत 'गोधडी शिवणे' हा एकच शब्दप्रयोग ज्या कामासाठी पुरेसा होतो, त्याच जातीच्या कामासाठी अमेरिकेतील इंग्रजी भाषेत दोन स्वतंत्र क्रियापदे रूढ आहेत. कापडाचे लहान लहान तुकडे एकमेकांस शिवून त्यांचा एक सलग पट तयार करणे यास तेथे 'पीसिंग' म्हणतात. हा पट, त्याखालील कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि तळाचे अस्तर हे तीन थर आरपार टाके घालून एकत्र बांधणे यास 'क्विल्टिंग' म्हणतात. प्रस्तुत विवेचनात पहिल्या क्रियेस 'जोडकाम' व दुसरीस 'थरशिवण' असे म्हटले आहे.

हा भेद केवळ शब्दसंपत्तीचा नाही. त्याचे मूळ कामाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरतात, त्यांवर चिंध्या मांडतात आणि धावदोऱ्याने शिवत जातात. तोच धावदोरा चिंधीला जागेवर बसवतो आणि तोच खालचे थरही बांधतो. जोडणे आणि थर शिवणे या क्रिया येथे एकाच हाताने, एकाच वेळी घडतात. म्हणून त्यांस दोन नावे देण्याची गरज भाषेला भासली नाही. अमेरिकी रिवाजात मात्र ही दोन कामे दोन वेळी होतात, पुष्कळदा दोन ठिकाणी होतात आणि कित्येकदा दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून होतात.

'क्विल्ट' या शब्दाची व्युत्पत्तीही येथे उद्बोधक ठरते. लॅटिनमधील 'कुल्किता' म्हणजे आत काही भरलेली गादी. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी भरण आहे, ठिगळ नव्हे. एकाच अखंड कापडाचा पट असला आणि त्यात एकही जोड नसला, तरी थर शिवलेले असल्यास तो क्विल्टच होय. या दृष्टीने क्विल्ट हा आपल्या रजईच्या व दुलईच्या अधिक जवळचा आहे. उलट संस्कृतातील 'कन्था' आणि मराठीतील 'गोधडी' व 'वाकळ' या शब्दांनी प्रथम डोळ्यांपुढे येतात त्या चिंध्या व ठिगळे.

या दोन क्रियांतील भेद ध्यानात घेतल्यावाचून एका चमत्कारिक वाटणाऱ्या वस्तुस्थितीचा उलगडा होत नाही. ती वस्तुस्थिती अशी, की आज अमेरिकेत, इंग्लंडात व अन्यत्र क्विल्ट करणाऱ्या हजारो स्त्रियांचे सर्वांत जिव्हाळ्याचे यंत्र म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीस ज्याचे उत्पादन संपले असे एक लहानसे काळे यंत्र होय. सिंगर कंपनीच्या यादीत त्याचा क्रमांक २२१ असून लोकांत ते 'फेदरवेट' या नावाने ओळखले जाते. त्याला सरळ टिपेखेरीज दुसरी टीप येत नाही. नागमोडी टाका त्याला माहीत नाही. वेलबुट्टी त्याच्या शक्तीबाहेरची आहे. शेकडो प्रकारचे टाके घालणारी, संगणकाने चालणारी यंत्रे बाजारात सहज मिळत असता या एकमार्गी यंत्रास इतका मान का मिळावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जुन्या वस्तूंची हौस एवढेच त्याचे उत्तर देऊन चालणार नाही.

२

प्रथम हे पाहिले पाहिजे, की यंत्र या कलेत शिरले ते कोणत्या दारातून. एलायस हाउ याचे शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मधील आहे. आयझॅक सिंगर याचे पेटंट १८५१ मध्ये निघाले. टाक्यागणिक कापड आपोआप पुढे सरकवणाऱ्या दातांची योजना ॲलन विल्सन याने केली. १८५६ मध्ये प्रमुख कारखानदारांनी आपापली पेटंटे एकत्र केली, आणि त्याच सुमारास सिंगर कंपनीने हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरीही यंत्र येऊ शकले.

घरात यंत्र आले तेव्हा ते कपड्यांसाठी आले. पण कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांचे जोडकाम त्याच यंत्रावर होऊ लागले यात नवल नाही. पेनसिल्व्हेनियातील ॲमिश पंथाचे लोक विजेचा वापर कटाक्षाने मर्यादित ठेवतात. त्यांच्या प्रसिद्ध क्विल्टांतही जोडकाम बहुधा पायाने चालवायच्या यंत्रावर केलेले आणि थरशिवण हाताने केलेली आढळते. जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) यांनी १८८५-८६च्या सुमारास बायबलातील कथांची चित्रे कापडावर शिवून एक क्विल्ट केला. तो आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पुढे हलाखीच्या दिवसांत त्यांना तो पाच डॉलरांस विकावा लागला. हाताच्या कलेचा आदर्श म्हणून या क्विल्टचा उल्लेख होत असतो. परंतु त्यात हाताच्या टाक्यांबरोबर यंत्राची टीपही आहे.

असे असता यंत्राच्या वापराविषयी वाद माजला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. याचे कारण दोन क्रियांच्या स्वरूपातच सापडते. जोडकामातील टीप पटाच्या उलट बाजूस, शिवणीच्या आत दडलेली असते. ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. थरशिवणीचे टाके मात्र पृष्ठभागावर उघडे असतात. हेच टाके मोजून शिवणारणीचे कौशल्य ठरवण्याची परंपरा होती. इंचाला दहा-बारा टाके म्हणजे उत्तम हात, असा संकेत होता. यंत्राने अदृश्य काम केले तोवर कोणी आक्षेप घेतला नाही. ते दृश्य भागात उतरले, तेव्हा 'हे खरे क्विल्टिंग का?' असा प्रश्न उभा राहिला. म्हणजे हा वाद काही अंशी यंत्राचा आणि काही अंशी एका शब्दाच्या हद्दीचा होता.

३

सिंगर २२१ हे यंत्र १९३३ मध्ये, शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले होते त्या वर्षी, लोकांपुढे आले. त्यापूर्वी क्लीव्हलंडच्या स्टँडर्ड कंपनीने 'सूहँडी' नावाचे लहान विजेचे यंत्र काढले होते, आणि सिंगरच्या यंत्रावर त्याची छाप स्पष्ट दिसते. जुन्या यंत्रांचा सांगाडा बिडाचा असे. २२१चा ॲल्युमिनियमचा आहे. त्यामुळे त्याचे वजन अवघे ११ पौंड, म्हणजे सुमारे ५ किलो, भरते. बिडाच्या घरगुती यंत्रांचे वजन याच्या दुपटीहून अधिक असे. यंत्राच्या डाव्या अंगाची फळी बिजागरीवर वर दुमडते आणि सारे यंत्र एका लहान पेटीत बसते. कंपनीने जाहिरातींत वापरलेले 'फेदरवेट' म्हणजे 'पिसाच्या वजनाचे' हे नाव यातून आले. इंग्रजीत ते मुष्टियुद्धातील हलक्या वजनाच्या एका गटाचेही नाव आहे. लहान पण झुंजार ही छटा त्यात आपोआप मिसळली. अनुक्रमांकापेक्षा असे नाव लोकांच्या जिभेवर टिकावे हे स्वाभाविकच होय.

अमेरिकेत न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथे आणि स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक येथे ही यंत्रे तयार होत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखाना युद्धसाहित्याकडे वळवण्यात आला आणि घरगुती यंत्रांचे उत्पादन जवळजवळ थांबले. पुढे स्कॉटलंडमध्ये २२२ क्रमांकाचा एक प्रकार निघाला; त्यात कापड सरकवणारे दाते खाली घेण्याची सोय होती. या सोयीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. क्लाइडबँकचा प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

या यंत्राची टीप कशी पडते हे समजून घेतल्यास त्याची लोकप्रियता अधिक उमगते. हाताच्या सुईचे नेढे वरच्या टोकास असते, यंत्राच्या सुईचे अणीजवळ असते. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली, की दोऱ्याचा एक फासा सुटतो. खाली फिरणारा आकडा तो फासा पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतो, आणि वरचा दोरा ओढला गेला की दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत गुंततात. दोन्ही दोऱ्यांचा ताण समतोल असेल तरच ही गुंतवण कापडाच्या आत राहते; एरवी ती वर किंवा खाली ठिपक्यांसारखी दिसू लागते. २२१ मध्ये टाक्याची लांबी इंचास ६ पासून ३० टाक्यांपर्यंत बदलता येते आणि कळ वर उचलली की यंत्र उलट दिशेने शिवते. त्याची करामत एवढीच.

परंतु 'एवढीच' यातच त्याचे गुण आहेत. नागमोडी टाका घालणाऱ्या यंत्रात सुई डावीउजवीकडे हलावी लागते. म्हणून तिच्या खालच्या पत्र्यास लांबट खाच ठेवावी लागते. लहान चिंधीचा कोपरा या खाचेवर आला, की सुई तो खाली ढकलते आणि कापड आत चोंदते. २२१ची सुई बाजूस हलतच नाही. तिच्यासाठी एक बारीक गोल भोक पुरते. म्हणून चिंधीचा कोपरा वरच आधार धरून राहतो आणि टीप पहिल्या टाक्यापासून सरळ येते. जोडकाम करणारीस दिवसातून शेकडो वेळा अशा कोपऱ्यांवरूनच सुरुवात करावी लागते.

४

जोडकामात सरळ टिपेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. शिवणीबाहेर कापडाची जी कड सोडतात तिला मराठी शिवणकामात 'माया' असा सुंदर शब्द आहे. कपड्यात माया सढळ ठेवतात, कारण पुढे अंगावर घट्ट झाल्यास उसवून वाढवता यावे. क्विल्टमध्ये मायेचे प्रमाण ठरलेले आहे : पाव इंच, कमी नाही आणि अधिक नाही.

एक उदाहरण घेऊ. अडीच इंचांचे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींनी जोडून एक ठोकळा करावयाचा आहे, आणि त्याच्या शेजारी साडेसहा इंचांचा एक अखंड चौकोन बसवावयाचा आहे. तीन चौकोनांची एकूण लांबी साडेसात इंच. मध्ये दोन शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचे पाव पाव इंच खाते, म्हणून एक इंच जाऊन साडेसहा इंच उरतात आणि ठोकळा शेजारच्या चौकोनाशी बिनचूक जुळतो. आता माया एकसोळांश इंचाने जास्त धरली गेली असे समजा. डोळ्यांस हा फरक जाणवणारही नाही. पण प्रत्येक शिवणीत एकअष्टमांश इंच अधिक जाईल आणि ठोकळा पाव इंचाने तोकडा पडेल. हीच चूक तीस चौकोनांच्या ओळीत, एकोणतीस शिवणींत होत राहिली, तर साठ इंचांच्या पटात साडेतीन इंचांहून अधिक तूट येईल. घडी उलटताना दोऱ्याच्या जाडीइतके कापड खाल्ले जाते, हे जाणून अनुभवी बाया पाव इंचाहून केसभर कमीच माया धरतात. अशा कामात यंत्राने किती तऱ्हांचे टाके घातले यास अर्थ नसतो. त्याने हजाराव्या शिवणीत पहिल्या शिवणीइतकेच अंतर राखले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

याला कालाचीही अनुकूलता लाभली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी क्विल्टांचे प्रदर्शन भरले आणि अंथरुणावरची वस्तू चित्रासारखी भिंतीवर लागली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली, आणि या कलेकडे लोकांचे लक्ष नव्याने वळले. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा चाकू काढला. त्यामुळे कापडाच्या अनेक थरांतून सरळ पट्ट्या एकदम कापता येऊ लागल्या. कापण्यात अचूकता आली, तेव्हा शिवण्यातही तिची अपेक्षा वाढली. दोरा न तोडता एकामागून एक जोड यंत्राखाली सोडत जाण्याची पद्धत रूढ झाली. शिवलेले तुकडे पताकांच्या माळेसारखे मागून बाहेर पडतात. शिकवणीचे वर्ग व मंडळे ठिकठिकाणी निघाली, आणि तेथे यंत्र हातात धरून नेणे भाग पडले. उत्पादन बंद झालेले, माळ्यावर पडलेले, आई-आजीचे ते पाच किलोंचे यंत्र या सर्व कामांस नेमके उपयोगी पडले.

५

तथापि या यंत्राच्या मर्यादाही तितक्याच ठाम आहेत. सुई आणि यंत्राचा खांब यांमध्ये जेमतेम पाच इंच जागा आहे. पलंगभर क्विल्टची गुंडाळी तेथून सरकवणे जिकिरीचे असते. शिवाय तीन थर दात्यांखालून नेताना खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. परिणामी चुण्या पडतात. यावर दोन उपाय निघाले. एक, वरूनही कापड सरकवणारा चालता पाय बसवणे. दुसरा, दाते खाली घेऊन किंवा झाकून क्विल्ट दोन्ही हातांनी सुईखाली मोकळेपणाने फिरवणे. दुसऱ्या पद्धतीत टाक्याची लांबी यंत्र ठरवत नाही. हाताची गती आणि सुईची गती यांच्या मेळाने ती ठरते. कागद स्थिर आणि लेखणी फिरती असा लिहिण्याचा नेहमीचा क्रम. येथे लेखणी स्थिर असून कागद फिरतो. ही कला साधण्यास महिने लागतात.

याच पद्धतीने केलेल्या कामाने १९८९ मध्ये जुना वाद निर्णायक वळणावर आणला. केंटकी राज्यातील पाडुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन भरते. त्या वर्षी कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'करोना २ : सोलर इक्लिप्स' या क्विल्टला सर्वोत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले. त्याची थरशिवण यंत्रावर झालेली होती, आणि अशा क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळत होता. पुष्कळांस हा परंपरेचा अवमान वाटला. परंतु यंत्रावरही हाताचेच शिक्षण प्रकट होते, ही गोष्ट हळूहळू मान्य होत गेली.

त्यानंतर थरशिवणीसाठी लांब बाहूची यंत्रे पसरली. त्यांत क्विल्ट एका चौकटीवर ताणलेला असतो आणि यंत्रच रुळांवर फिरते. अशी यंत्रे महाग असल्याने थरशिवण हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला : एकीने घरी जोडकाम करावयाचे आणि दुसरीकडे पैसे देऊन थर शिवून घ्यावयाचे. मग श्रेय कोणाचे, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर शब्दांतील भेदानेच दिले. क्विल्टच्या मागे शिवलेल्या चिठ्ठीवर 'जोडकाम अमुकीचे, थरशिवण तमुकीची' अशी दोन नावे घालण्याची रीत पडली. जे स्त्रीश्रम शतकानुशतके निनावी राहिले, त्यांना दोन क्रियापदांच्या आधारे दोन धनिणी मिळाल्या, असे म्हणता येईल.

६

फेदरवेटविषयीच्या आपुलकीचे आणखी एक कारण नोंदवले पाहिजे. हे यंत्र तिला कळते. कोठे तेलाचा थेंब सोडावयाचा, दात्यांखालचा कापसाचा भुगा कसा काढावयाचा, तळाच्या पत्र्यातील नमद्याचा तुकडा केव्हा बदलावयाचा, हे सारे घरच्या घरी, एका पेचकसाने होऊ शकते. वरचा दोरा उजवीकडून डावीकडे ओवावा लागतो, ही त्याची खोड नवशिकीला एकदा अडवते. पुढे ती अंगवळणी पडते. जे यंत्र उघडून पाहता येते, ज्याचा बिघाड आवाजावरून ओळखता येतो, त्याच्याशी माणसाचे नाते मालकीपलीकडे जाते. म्हणूनच ज्यांच्या घरी थरशिवणीसाठी मोठे, नवे यंत्र असते, त्याही जोडकामास बसताना लहान काळी पेटी उघडतात. ही आवड आंधळी नाही. कोणत्या क्रियेस कोणते साधन, याचा विवेक तीत आहे.

या विवेचनाच्या प्रकाशात मराठी प्रदेशातील एक गोष्टही अधिक स्पष्ट दिसते. शिवणयंत्र आपल्याकडे नवे नव्हे. एकोणिसाव्या शतकातच सिंगरची यंत्रे मुंबईत विकली जात होती, आणि १९३०च्या दशकात कलकत्त्यास 'उषा' यंत्रे तयार होऊ लागल्यावर मध्यम वर्गाच्या घरांत ती रुळली. त्यांवर झबली, परकर, पोलकी शिवली गेली. गोधडी मात्र पुष्कळ घरांत हातानेच शिवली जात राहिली. जाड थर यंत्राखाली जात नाहीत हे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण रचनेचे आहे. अमेरिकी क्विल्टमध्ये यंत्र शिरले ते जोडकामाच्या दाराने. गोधडीत चिंधी मांडणे आणि थर शिवणे या क्रिया अभिन्न असल्याने ते दारच नव्हते. आज जेथे बाजारासाठी यंत्रावर गोधड्या होतात, तेथे चिंध्यांचा पट आधी वेगळा जोडावा लागतो. म्हणजे काम दोन क्रियांत फुटते. आज ना उद्या भाषेलाही त्यासाठी दोन शब्द लागतील.

सारांश, यंत्राची योग्यता त्याच्या अंगी असलेल्या करामतींच्या संख्येवरून ठरत नाही. कामाच्या कोणत्या भागात ते उभे राहते आणि तेथे किती इमानाने वागते यावरून ठरते. हे ठरवण्यापूर्वी त्या भागांना वेगवेगळी नावे असावी लागतात. फेदरवेटवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांस ती नावे परंपरेने मिळालेली होती. म्हणून सरळ टीप घालणाऱ्या एका जुन्या यंत्रापाशी त्यांना नेमके काय मागावयाचे हे ठाऊक होते : पाव इंच माया, पहिल्या शिवणीपासून शेवटच्या शिवणीपर्यंत.